भंगारातल्या इकोपासून दोन सीटांची गाडी: शेडमधला क्रम

घरी स्पोर्ट्स कार बांधायची म्हटलं की बोलणं इंजिनापासून सुरू होतं. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, टर्बो बसेल का. पण तालुक्याच्या गावात, ट्रॉल्या आणि पेरणी यंत्रं बनतात त्या शेडमध्ये हे काम हाती घेतलं की गाडी ठरते ती मागच्या एक्सलवरून, ड्रायव्हरच्या पायांना उरणाऱ्या जागेवरून आणि थ्री फेज कधी येते यावरून. आमच्याकडे काम ज्या क्रमाने गेलं, त्याच क्रमाने खाली मांडलं आहे.

पहिला रुपया खर्च करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: ही गाडी रस्त्यावर चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही. नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ खाली गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हा रस्ता कारखान्यांसाठी आहे, एक गाडी बांधणाऱ्याला तो परवडत नाही. ‘जुन्या गाडीच्या आरसीवर चालवून घेऊ’ हा सल्ला चहाच्या टपरीवर हमखास मिळतो. कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती गाडीची तपासणी करून नोंदणी देणारी पद्धत आहे, म्हणून तिकडे ही हौस एवढी वाढली. १९५७ ची लोटस सेव्हन ही दोन सीटांची ब्रिटिश गाडी तर सुट्या भागांत विकली जायची, कारण घरी जोडलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नसे. आपल्याकडे ही गाडी खासगी जागेसाठी आणि परवानगी मिळाली तर ट्रॅकसाठी. ने-आण पिकअपमध्ये टाकून. हे मान्य असेल तरच पुढे वाचा.

रस्ता नाही म्हटल्यावर लाइट, वायपर, हॉर्न, दारं यांची कटकट संपते. ब्रेक, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) आणि पट्टा यांची मात्र वाढते, कारण अशी गाडी चालवली जाईल तेव्हा जोरातच चालवली जाईल.

आता डोनर, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी. लोटस सेव्हनच्या धाटणीची गाडी, म्हणजे इंजिन पुढे उभं, मागची चाकं ओढणारी, बांधायची तर आपल्या भागात मारुतीची तीनच नावं कामाची: ओम्नी, जिप्सी आणि इको. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन स्वस्तात मिळतं, पण चारच गिअर आणि दमही कमी. जिप्सीचं १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, पण जंगलवाल्यांनी आणि ऑफ-रोडवाल्यांनी तिचा भाव चढवून ठेवलाय आणि ट्रान्सफर केसचं (चारी चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) काय करायचं हा प्रश्न उरतोच. इको २०१० पासून गावोगाव आहे: शाळेची, दवाखान्याची, लग्नाची. तिचं २०२२ पर्यंतचं ११९६ सीसीचं इंजिन ७३ हॉर्सपॉवर देतं, पाच गिअर आहेत, मागचा एक्सल सलग आहे आणि तो कमानपाट्यांवर नाही, कॉइल स्प्रिंगवर बसतो. नऊशे किलोंच्या वर जाणाऱ्या गाडीत ही ताकद बेताची वाटते. तीच सहाशे-सव्वासहाशे किलोंच्या गाडीत घातली की हिशोब बदलतो.

मारुती ८०० किंवा अल्टोचं पुढचं आडवं इंजिन उचलून सीटच्या मागे बसवायचा मार्गही आहे. ड्राइव्ह शाफ्ट, हब, नकल (हब धरून वळणारा भाग) सगळं एकत्र येतं, फक्त स्टेअरिंगचे टाय रॉड चेसिसला बांधून टाकायचे. पण तो टाय रॉडचा आतला बिंदू दहा मिलिमीटर चुकला तरी खड्ड्यात मागचं चाक स्वतःहून वळतं, आणि मागून वळणारी गाडी सांभाळणं कठीण. पहिल्या गाडीसाठी आम्ही हे सुचवत नाही.

डोनर घेताना बाजूने ठोकलेली, विम्यात टोटल लॉस झालेली इको बघा. पुढून ठोकलेलीत रॅक आणि नकल वाकलेले असतात, मागून ठोकलेलीत एक्सल. पुरात बुडालेली फुकट मिळाली तरी नको, वायरिंगचे सांधे आतून हिरवे पडलेले असतात. इंजिन चालू करून ऐका. आणि गाडी अख्खीच घ्या: इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, एक्सल, नकल, स्टेअरिंग रॅक आणि कॉलम, पेडल, मास्टर सिलिंडर, रेडिएटर, पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनचा संगणक), आणि त्याच गाडीची चावी. इमोबिलायझर चावी आणि ईसीयूची जोडी ओळखतो. ईसीयू एका गाडीचा आणि चावी दुसरीची असली की स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही, आणि मग दिवसेंदिवस गाडीतल्या इंधनाच्या पंपावर संशय घेतला जातो. भंगारवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या आणि मूळ मालकाने कलम ५५ खाली नोंदणी रद्द केल्याचा कागद मागा. हा कागद नसेल तर सौदा सोडा.

इकोचा व्हीलबेस २३५० मिलिमीटर आहे, आणि इंजिन पुढच्या चाकांच्या मागे, सीटखाली असतं. म्हणजे इंजिन ते डिफ (मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल) हे अंतर मूळ ठेवलं तर सेव्हनच्या धाटणीला लागणारी मांडणी आयती मिळते आणि प्रोपेलर शाफ्ट कापावाच लागत नाही. कापायची वेळ आलीच तर दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, दोन्ही सांध्यांचे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळायला हवेत, आणि खराद्याकडून नुसता जोडून आणलेला शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय लावायचा नाही. शाफ्टभोवती पोलादी कडं हवंच. पुढचा सांधा तुटला तर शाफ्ट जमिनीत रुततो आणि गाडी उचलतो.

लोखंड घेण्याआधी फरशीवर खडूने रेषा मारा. मागचा एक्सल ठेवा, इंजिन-गिअरबॉक्स विटांवर त्याच्या खऱ्या उंचीला ठेवा, संपखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) १२० मिलिमीटर मोकळे. मग सीट ठेवून त्यात बसा. इथेच बहुतेक नकाशे फसतात. उंच माणसाचे गुडघे स्टेअरिंगला लागतात, क्लचचा पाय गिअरबॉक्सच्या हौसिंगला घासतो. तीन पेडलना किमान ३०० मिलिमीटर रुंदी लागते, जाड बूट घालणाऱ्याला त्याहून जास्त. हे सगळं सुताराकडून २५ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या फाडून आणून, खिळ्यांनी सांगाडा ठोकून बघायचं. लाकूड चुकलं तर चुलीत जातं.

इकोत गिअर लिव्हर गिअरबॉक्सच्या पुढे असतो, आपल्याला तो मागे, मांडीजवळ हवा. रॉड असो वा केबल, लिंकेज मागे वळवलं की पहिला गिअर मागे आणि दुसरा पुढे असा उलटा नमुना येऊ शकतो. मधे एक बेलक्रँक (मध्यावर फिरणारा दोन हातांचा तुकडा) घातला की दिशा परत सरळ होते. हे टेबलावरच तपासून घ्या, टनेल (गिअरबॉक्स आणि शाफ्टवरचा बोगदा) बंद केल्यावर हात जात नाही.

चेसिसला २५ बाय २५ मिलिमीटर, १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी ईआरडब्ल्यू पाइप. आयएस ४९२३ चा शिक्का असलेला घ्या. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत तो सहज मिळतो, तालुक्याला बहुतेक वेळा ग्रिलचा पातळ पाइप त्याच नावाने खपवला जातो. व्हर्निअर घेऊन जा आणि कापलेल्या तोंडावर जाडी मोजा. सहा मीटरची नळी साधारण सात किलो भरते. भरली पाच-साडेपाच तर ती १.२ ची आहे. सगळी चेसिस ४५ ते ५० मीटरमध्ये होते, वाया जाणारं धरून नऊ नळ्या. जीआय पाइप अजिबात नको. जस्ताचा धूर छातीत जातो आणि सांध्यात छिद्रं पडतात.

चेसिसची ताकद पाइपच्या जाडीत नसते, त्रिकोणात असते. प्रत्येक चौकटीत एक तिरका पाइप. इंजिनच्या वरची बाजू उघडी ठेवावीच लागते, म्हणून तिथली ताकद बाजूच्या आणि खालच्या तिरक्यांतून भरून काढायची. ट्रॉली बनवणारा कारागीर इथे वाद घालतो. त्याच्या हिशोबात कमजोर वाटलं की जाड चॅनेल घालायचं. ट्रॉलीला ते चालतं, या गाडीला नाही.

चेसिस जुळवायचं टेबल १०० मिलिमीटरच्या आयएसएमसी या लोखंडी चॅनेलचं, तीन मीटर लांब, दर ६०० मिलिमीटरला आडवा, वर १९ मिलिमीटरचा प्लाय. लेव्हल पाण्याच्या नळीने काढा, सुताराची छोटी लेव्हल पट्टी एवढ्या लांबीला पुरत नाही. आपल्या काळ्या मातीवर शेडची फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून टेबलाच्या पायांना बोल्ट ठेवा आणि लेव्हल दर आठवड्याला पुन्हा बघा. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचं तिरकं ऊन एकाच बाजूच्या पाइपवर पडलं तर अडीच मीटरमागे पाऊण मिलिमीटरपर्यंत फरक पडतो. सावलीतला आणि उन्हातला पाइप २५ अंशांनी वेगळा असला की एवढं होतंच. कर्णमाप घ्यायचं ते पहाटे किंवा दिवेलागणीला. दोन कर्णांतला फरक एका मिलिमीटरच्या आत.

वेल्डिंगचा हंगाम दिवाळी ते होळी. मशीन मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं आणि सांध्यावर गॅस सोडणारं), ०.८ मिलिमीटरची तार, ६० ते ८० अँपिअर, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर. शुद्ध सीओटू चालतो, आर्गन मिसळलेला गॅस मिळाला तर शिंतोडे कमी उडतात. गावठाण फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत घसरतं, तेव्हा टाका दिसायला चांगला पण आत न शिरलेला बसतो. हा सगळ्यात फसवा दोष, कारण वरून घासून रंग लावला की कुणालाच दिसत नाही. कृषी फीडरची थ्री फेज ज्या पाळीत असेल त्या पाळीत काम करा, नाहीतर जनरेटर आणा. दर वेळी आधी त्याच पाइपच्या दोन तुकड्यांचा सांधा करून शिकंज्यात धरून हातोड्याने तोडायचा. सांधा तुटला तर मशीनची मांडणी चूक, पाइप फाटला तर बरोबर. मार्चनंतर कूलरशिवाय शेडमध्ये उभं राहवत नाही, आणि कूलरचा झोत गॅस उडवून लावतो. मग सांधा जाळीदार होतो. कूलर बंद करायला कारागीर तयार होत नाही, म्हणूनच होळीआधी आटपा.

रॉडनेच करायचं असेल तर ६०१३ चा २ मिलिमीटरचा रॉड, ४५ ते ६० अँपिअर. अडीचचा रॉड १.६ च्या पाइपला भोक पाडतो आणि मग ते भोक भरता भरता सांध्याभोवतीचं लोखंड जळतं.

आधी सगळी चेसिस फक्त टाक्यांवर उभी करायची. प्रत्येक सांध्याला चार टाके. त्यावर इंजिन, एक्सल, सीट, पेडल, रॅक सगळं ठेवून बघायचं. नंतर पूर्ण वेल्डिंग, तेही एका कोपऱ्यातून दुसऱ्या तिरक्या कोपऱ्यात उडी मारत. एका बाजूने सरळ भरत गेलात तर चेसिस केळ्यासारखी वाकते, आणि ती परत सरळ होत नाही.

पूर्ण झाल्यावर पिळाची चाचणी. मागचा भाग टेबलाला बोल्टने घट्ट, पुढचा भाग मधोमध एका गोल सळईवर. पुढे आडवा चॅनेल बांधून मध्यापासून एक मीटरवर सिमेंटची ५० किलोंची गोणी टांगायची, म्हणजे ४९० न्यूटन-मीटर. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या जागी एक-एक मीटरच्या काड्या बांधून टोकं मोजायची. मीटरमागे १७.५ मिलिमीटर म्हणजे एक अंश. दोन्ही काड्यांतला फरक ५ मिलिमीटर आला तर चेसिस अंशाला साधारण १७०० न्यूटन-मीटर देते. आम्ही १५०० ही खालची मर्यादा धरली. कमी आलं तर टनेलच्या वर आणि डॅशच्या मागे तिरके वाढवा, तिथे एक किलो लोखंड दुसरीकडच्या पाच किलोंचं काम करतं.

पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर आणि खाली एकेक त्रिकोणी हात. इकोचा नकल स्ट्रटसाठी (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबासाठी) बनलेला, म्हणून जिथे स्ट्रट दोन बोल्टांनी धरला जातो तिथे खरादावर अडॅप्टर करून त्यात वरचा बॉल जॉइंट बसवावा लागतो. अडॅप्टरचं शंकूसारखं भोक बॉल जॉइंटच्या उताराशी तंतोतंत जुळलं पाहिजे. निळा रंग लावून फिरवून बघा, रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तर बरोबर. विशबोनचा पाइप गोल, २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, २.५ मिलिमीटर जाड. बुशची नळी वेल्ड झाली की आतून अंडाकृती होते, म्हणून वेल्डिंगनंतरच रीमर फिरवायचा. सगळे बोल्ट ८.८ चे, डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. आकडा नसलेला बोल्ट वखराला लावा.

स्टेअरिंगमध्ये एक सापळा आहे. इकोचा रॅक आपल्या मांडणीत बसवताना तो वरचा खाली होतो किंवा नकलचे हात मागचे पुढे येतात. यापैकी एकच बदललं तर स्टेअरिंग डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे वळते. दोन्ही बदलली तर पुन्हा सरळ. शेडमध्ये उभ्या गाडीवर हे लगेच लक्षात येईल असं वाटेल, पण चाकं लावलेली नसली की खरंच येत नाही.

बंप स्टीअर, म्हणजे खड्ड्यात चाक स्वतःहून वळणं, घालवायला स्प्रिंग काढून टाका, चाकाच्या जागी हबला सपाट पट्टी बांधा आणि जॅकने हब ५० मिलिमीटर वर, ५० खाली न्या. पट्टीच्या दोन टोकांतलं अंतर पूर्ण हालचालीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त बदलायला नको. बदललं तर रॅक वर-खाली करा, त्यासाठी रॅकच्या बैठकीत आधीच लांबट भोकं ठेवा. सुरुवातीला कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) ५ अंश, कॅम्बर (चाकाचा कल, उणे म्हणजे वरची बाजू आत) उणे १ अंश, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत) १ ते २ मिलिमीटर.

मागे एक्सलला चार ट्रेलिंग लिंक (पुढे-मागे धरणारे हात) आणि एक पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा). रॉड जमेल तेवढा लांब आणि गाडी उभी असताना आडवा.

डोनरच्या स्प्रिंगा इथे चालत नाहीत. ड्रायव्हरसह गाडी ७०० किलो धरली, पुढे ४८ टक्के, तर पुढच्या एका कोपऱ्यावर १६८ किलो. त्यातून चाक-हब-ब्रेकचे २८ वजा करा, उरले १४०. सेकंदाला १.७ हेलकावे हवे असतील तर चाकाजवळ मिलिमीटरला १६ न्यूटन लागतात. स्प्रिंग चाकापासून आत आणि तिरकी असल्याने चाक १० मिलिमीटर हललं की ती ६ दबते, त्याचा वर्ग ०.३६, म्हणून प्रत्यक्ष स्प्रिंग मिलिमीटरला ४४ न्यूटनची. मोटारसायकलचे मोनोशॉक लावायचा मोह सगळ्यांना होतो. स्प्रिंग बदलून लांबी जमवता येते, पण आतलं तेल बाइकच्या वजनासाठी असतं आणि दहा मिनिटांत गरम होऊन गाडी उड्या मारू लागते.

ब्रेकचं गणित वेगळंच. ७०० किलोंची गाडी, गुरुत्वमध्य ४५० मिलिमीटर उंचीवर, ०.८ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) ब्रेक: पुढे १०७ किलो सरकतात. म्हणजे पुढे ४४३, मागे २५७. उंच, भरलेल्या व्हॅनसाठी जुळवलेला ब्रेकचा समतोल या गाडीला लागू पडत नाही. मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग वॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घाला आणि मोकळ्या जागेवर असा लावा की पुढची चाकं मागच्यांच्या जरा आधी लॉक होतील. मागची आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते. व्हॅक्यूम बूस्टर बसला नाही तर पेडलचं प्रमाण ५ ला १ किंवा ६ ला १ ठेवा. पाइप ४.७५ मिलिमीटरचा, ब्रेकसाठीचाच, दुहेरी फ्लेअरचा (तोंड दुमडून फुलवलेला). फ्रिज दुरुस्तीवाल्याकडची तांब्याची नळी हाताने सहज वळते, म्हणून मेकॅनिक तीच पुढे करतो. ती थरथरीने कडक होते आणि फ्लेअरपाशी तडकते. डीओटी ४ चं तेल कोरडं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ ला. पावसाळ्यात अर्धा उघडा राहिलेला डबा वापरू नका.

रोल बारला ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाड, सीमलेस पाइप, मागे दोन आधार. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट, आणि वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुती आली तर तो पाइप बाद. पट्ट्याच्या बोल्टखाली ३ मिलिमीटर जाडीची, ४० चौरस सेंटिमीटरची पट्टी. खांद्याचे पट्टे जवळजवळ आडवे मागे जायला हवेत. ते खाली सीटच्या पायथ्याला बांधले तर धडकेत मणका दाबला जातो.

पावसाळा वायरिंगचा आणि इंजिनचा. इकोची मूळ वायरिंग अख्खी टेबलावर पसरा, इंजिन टेबलाशेजारी चालू करा, आणि मग एक-एक फांदी काढत जा. प्रत्येक वेळी पुन्हा चालू करून बघायचं. अर्थिंग चेसिसवर रंग खरवडून, दोन ठिकाणी. उंदरांसाठी वायरवर जाळीची नळी चढवा, सोयाबीनची पोती शेजारी असतील तर नक्कीच. पेट्रोलच्या नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या आणि ई२० ला चालणाऱ्या नव्या घ्या, जुन्या रबराच्या फुगून पाझरतात. टाकी २५ लिटर, आत दोन आडपडदे, नाहीतर वळणावर पंप हवा ओढतो.

रेडिएटर मूळचाच पुरतो, पण त्याचं तोंड छोट्या नाकाआड असतं आणि बाहेर ४५ अंश असतात. कडेने हवा निसटू नये म्हणून पत्र्याचा बोगदा करा, पंखा मागून, आणि पाण्याच्या सर्वात उंच बिंदूला हवा काढायचा बोल्ट. पुढे बारीक जाळी हवीच. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने उडणारा रुवा रेडिएटरच्या फटीत बसतो, आणि तो पाण्याने धुतला की आणखी घट्ट बसतो. आतून बाहेर हवेने उडवायचा.

बाजूचे पत्रे १.२ मिलिमीटरच्या अॅल्युमिनिअमचे, ४.८ च्या रिव्हेट, दर ५० मिलिमीटरला. लोखंड आणि अॅल्युमिनिअम यांच्यात रंग आणि सीलंट हवंच, नाहीतर एका पावसाळ्यात रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते. नाक आणि मडगार्ड फायबरचे: ४५० ग्रॅमची मॅट, दोन थर, काचेच्या वजनाच्या अडीचपट रेझिन. २५ अंशांना १५-२० मिनिटांत घट्ट होणारं रेझिन ४० अंशांना पाच-सात मिनिटांत डब्यातच तापून धूर सोडतं. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी अकरा ते तीनच्या दरम्यान करा. पहाटेच्या थंडीत ते बसतच नाही. हार्डनर १ ते २ टक्के, वजन करून. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग हार्डनर.

टायर १७५/६० आर १३ लावला तर परीघ १.७० मीटर, मूळ १५५ आर १३ चा १.८३ च्या आसपास. म्हणजे सगळे गिअर साधारण सात टक्के आखूड होतात आणि गाडी चपळ वाटते. पण या टायरला रिम किमान ५ इंच रुंद हवा.

चारी कोपऱ्यांचं वजन करायला कुठे जायची गरज नाही. आडतीच्या दुकानात ३०० किलोंचे प्लॅटफॉर्म काटे असतात, सोयाबीनचा हंगाम सरला की ते रिकामेच. चार काटे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा, सीटमध्ये ड्रायव्हरच्या वजनाची वाळूची पोती ठेवा, गाडी वर चढवून हलकेच दाबून सोडा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून एकूण वजनाच्या ५० टक्के, अर्ध्या टक्क्याच्या आत. जिथे जास्त आहे तिथली स्प्रिंगची बैठक खाली घ्यायची. सगळ्या बैठका थोड्या थोड्या फिरवा, एकच फिरवली तर गाडी तिरकी उभी राहते.

पहिली चालवणी बंद हंगामात, जिनिंगच्या काँक्रीटच्या अंगणावर, मालकाच्या परवानगीने. हंगामात तिथे पाऊल टाकू नका, तापलेल्या सायलेन्सरला कापूस दिसायची देर असते. अग्निशामक हाताशी ठेवा. आधी २० च्या वेगात फक्त ब्रेक, मग ४० ला. प्रत्येक नटवर बोल्टपर्यंत रंगाची रेघ ओढलेली असली की सुटलेला नट लांबून दिसतो. पहिल्या तासाभरानंतर पॅनहार्ड रॉडचे आणि विशबोनचे बोल्ट बघा, रेघ तुटलेली असेल तिथे नवा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट) लावा, जुना परत आवळू नका. विशबोनच्या आणि स्प्रिंगच्या बैठकीच्या सांध्यांवर डाय पेनिट्रंटचा लाल रंग मारून, पुसून, वर पांढरा फवारा द्या. केसासारखी लाल रेघ, म्हणजे तडा, उमटली तर त्यावर दुसरा थर चढवायचा नाही. सांधा पूर्ण घासून काढून नव्याने भरायचा, आणि समोरच्या बाजूचा तसाच सांधाही तपासायचा, कारण दोन्ही बहुधा एकाच संध्याकाळी, त्याच पडलेल्या व्होल्टेजवर झालेले असतात.